मस्ती करतो म्हणून देणे आहे

दर पावसाळ्यात मांजरं दत्तक देण्याघेण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. "पाच महिन्यांचा बोका देणे आहे. दिसायला गोड, शी-शूची सवय लावलेली. घरात फार मस्ती करतो म्हणून देतोय." सोबत सोफ्यावर गाढ झोपलेल्या पिल्लाचा फोटो. जागेपणीचा फोटो का नाही, हे ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांना सांगावं लागत नाही.

हा मेसेज वाचला की माझं डोकं फिरतं. पाच महिन्यांचं मांजर मस्ती करणार नाही तर काय हरिपाठ म्हणणार? तिसऱ्या महिन्यापासून पुढचे काही महिने त्याच्या अंगात वारं शिरलेलंच असतं. त्यातच दुधाचे २६ दात पडून पक्के ३० यायचे असतात. हिरड्या शिवशिवतात. मग चार्जरची वायर, चपलेचा पट्टा, तुमच्या पायाचा अंगठा, जे सापडेल ते चावलं जातं. वाईट वळण वगैरे काही नाही. वय आहे ते.

आमच्याकडे ठेचा नावाचा बोका आहे. नाव मुलीने ठेवलं, स्वभाव बघून. सध्या तो पडद्यावरून थेट दांडीपर्यंत चढतो. उतरायचं कसं हे अजून कळलेलं नाही, त्यामुळे वर बसून बोंब ठोकतो. लादी पुसायला येणाऱ्या मावशी दारातूनच विचारतात, "ताई, वाघाला कोंडलंय ना? मग बादली आत आणते." कारण फडकं सरकायला लागलं की त्याच्यावर झेप घेणं हे ठेच्याचं आद्य कर्तव्य.

तर मुद्दा. मांजर घरातच ठेवावं, या मताची मी आहे, आणि त्यात तडजोड नाही. आमच्या मजल्यावरच्या काकांना ते पटत नाही. "अगं, मांजर ते, त्याला कसलं कोंडून ठेवतेस? चार घरं फिरू दे की." काकांच्या वाड्यात ते चालत असेल. आमच्या गेटबाहेर वाहता रस्ता आहे, टोळीने फिरणारी कुत्री आहेत, आणि बोक्यांच्या मारामाऱ्या आहेत, ज्यातल्या चाव्यांमधून एफआयव्हीसारखा, प्रतिकारशक्ती खच्ची करणारा आजार एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. पण काकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, आणि घरात मांजर पाळणारे बहुतेक लोक नेमकं तेवढंच विसरतात. वाड्यातल्या मांजराला दिवसभर काम होतं. माळ्यावरचे उंदीर, पन्हळीवरच्या चिमण्या, कौलांवरची भांडणं. आपण दार लावलं आणि त्याची नोकरी घालवली. दार लावलं ते बरोबरच, पण मग काम देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती न घेता "हा फार त्रास देतो" म्हणणं मला लबाडी वाटते.

काम म्हणजे शिकार. मांजराच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो: दबा धरायचा, पाठलाग, झडप, चावा, मग खाणं, मग अंग चाटून साफ करणं, मग झोप. हा क्रम रोज पुरा झाला तर निम्मी भांडणं मिटतात. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. कुंडीतल्या रोपाला आधार द्यायची बांबूची बारीक काठी आणि तिच्या टोकाला जुन्या टी-शर्टची लांब पट्टी, एवढ्यावर आमचं चाललंय.

फक्त ती हलवायची कशी, ते समजून घ्यावं लागतं. आमच्याकडे येणारे पाहुणे काठी घेतात आणि चिंधी पिल्लाच्या तोंडासमोर नाचवतात. ठेचा मख्ख बसून राहतो. बरोबरच आहे, कुठला उंदीर आपणहून मांजराच्या तोंडासमोर येऊन नाचतो? चिंधी त्याच्यापासून लांब पळाली पाहिजे. भिंतीच्या कडेने सरपटली पाहिजे, उशीमागे गेली पाहिजे, नुसतं टोक बाहेर ठेवून थांबली पाहिजे. ते टोक जरासं थरथरलं की मग बघा. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की डोळे काळेच दिसतात. मिशा पुढे येतात, हनुवटी लादीला टेकते, मागचे पाय जागच्या जागी आलटून पालटून दाबले जातात आणि ढुंगण हलायला लागतं. या क्षणी घाई करायची नाही. तो दबा धरून बसलेला वेळही खेळच असतो. मग झेप. आणि पकडू द्यायचं! चिंधी दोन पंजांत धरून, मागच्या पायांनी लाथा घालत तो तिचा निकाल लावतो, तेवढा वेळ काठी सैल सोडायची. लेझरचा लाल ठिपका मला म्हणूनच आवडत नाही. पळून पळून जीव जातो आणि हाती काहीच लागत नाही. त्याने काही मांजरं चिडचिडी होतात, काही भिंतीवरच्या प्रत्येक कवडशामागे वेड्यासारखी धावत सुटतात.

खेळ झाला की लगेच जेवण. आणि काठी कपाटात, कडी लावून. चिंधी गिळली जाऊ शकते.

आता पहाटेच्या छळाबद्दल. मांजर रात्रीचं जनावर असा सगळ्यांचा समज असतो. खरं म्हणजे ते जास्त जागं असतं तिन्हीसांजेला आणि पहाटे, उंदीर-पाखरं हलायला लागतात त्या वेळेला. म्हणून साडेचारला चादरीखालच्या तुमच्या पायावर हल्ला होतो. यावर जालीम उपाय नाही, पण झोपण्याआधी दमवणारा खेळ आणि त्यानंतर दिवसातलं मोठं जेवण, याने बराच फरक पडतो. पहाटे ओरडला म्हणून उठून वाटी भरलीत की संपलं. उद्या तो चारला ओरडणार. वाटी भरायचीच तर तुमच्या वेळेला, आणि गजराशीही तिचा संबंध लागू देऊ नका.

चावण्याचं मात्र थोडं वेगळं आहे. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ बंद होतो. आपल्याकडे मात्र पिल्लू पाचव्या-सहाव्या आठवड्यात खायला लागलं रे लागलं की उचलून देऊन टाकतात. निदान आठ आठवडे, आणि जमल्यास बारा, ते आईजवळ राहायला हवं. ज्यांचं पिल्लू लवकर तुटलंय त्यांना ही शिकवणी स्वतः घ्यावी लागते. दात लागले की हात जागच्या जागी सैल सोडायचा, खेचायचा नाही, कारण खेचला की तो पळणारा उंदीर. मग उठून निघून जायचं. आणि घरातल्या सगळ्यांनी बोटं नाचवून खेळणं बंद. आमच्याकडे सर्वांत अवघड हेच गेलं, कारण सासूबाईंना तो खेळ फार आवडायचा. "अगं, लहान आहे गं तो, गुदगुल्या होतात नुसत्या." मी म्हटलं, "आई, वर्षभरात चार किलोचा होईल, तेव्हाही गुदगुल्याच होतील का?" आता त्यांनी जुन्या मोज्यात चिंध्या भरून त्याला एक शत्रू शिवून दिलाय. दिवसातून अनेकदा त्याचा वध होतो.

मारू नका. पाण्याचा फवाराही मारू नका, इंटरनेटवर कितीही लोक सांगोत. मांजराला यातून एवढंच कळतं की हा माणूस समोर असताना सोफा ओरबाडायचा नाही. ओरबाडण्यासाठी त्याला स्वतःची जागा हवी असते. सुंभ घट्ट गुंडाळलेला खांब, पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच आणि अजिबात न डुगडुगणारा. तो कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याच्या शेजारीच उभा करा. दिसायला वाईट दिसतो, मान्य.

खिडकी-गॅलरीच्या जाळीबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. "मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं, काही होत नाही," हे वाक्य ज्याने त्याने पाठ केलेलं असतं. त्यामागे एक खरा अभ्यास आहे, न्यूयॉर्कमधला, १९८७ साली प्रसिद्ध झालेला. इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं, त्यातली ९० टक्के वाचली. पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आणि वाचलेल्यांतही छातीला मार, मोडलेले पाय, फाटलेली टाळू हे सगळं होतंच. पाखरामागे झेपावणाऱ्या पिल्लाला गॅलरीचा कठडा दिसत नाही. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काहीच नसण्यापेक्षा बरी, पण दात येणारं पिल्लू ती कुरतडू शकतं. शक्य असेल तर तारेची लावा. ती लागेपर्यंत खिडक्या बंद.

घरातले बाकीचे धोके भराभर सांगते. हारातला आणि गजऱ्यातला दोरा, शिवणाचा दोरा, मांजा: गिळला तर आतडी आवळली जातात. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरकडे पळा. बुकेमधली लिली मूत्रपिंडं निकामी करते, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी. काळं-पांढरं फिनेल बंद, कारण लादीवर चालून तो पंजे चाटणार. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. तुम्हाला दात किंवा नख लागून रक्त आलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लाची रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास होते, ती टाळू नका.

"ऑपरेशन केलं की शांत होईल ना?" हे मला फार जण विचारतात. नसबंदी कराच. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, आणि बोक्याचं घरभर शूचे फवारे मारणं त्याने बरंच टळतं. पण खेळाची खुमखुमी ऑपरेशनने जात नाही. ती वयानेच ओसरते, साधारण वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावर.

एकट्या पिल्लाने हैराण झालेल्यांना मी आणखी एक सल्ला देते, जो ऐकून लोक मला वेड्यात काढतात. शक्य असेल तर पहिल्यापासून एकाच वेतातली दोन पिल्लं आणा. खर्च दुप्पट, शी-शूचे मातीचे डबे जास्त, पण ती एकमेकांना दमवतात, चावायला शिकवतात आणि सोडायलाही. ज्यांच्या घरी दिवसभर कुणी नसतं त्यांनी एकटं पिल्लू आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि "फार मस्ती करतं" म्हणून मासळी बाजारात सोडून येणारे लोक. "तिथे खायला मिळतं हो त्याला." घरात वाटीतलं खाऊन वाढलेलं पिल्लू तिथल्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे किती टिकणार? उपासमार होईल अशा अवस्थेत पाळीव जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. बाजारात सोडण्यापेक्षा ग्रुपवर मेसेज टाकणारे परवडले, एवढं मी मान्य करते.

ज्यांना मांजर हवंय पण पडदेही हवेत, त्यांनी पिल्लाच्या नादी लागू नये. त्याच ग्रुपवर पाच-सहा वर्षांची, नसबंदी झालेली, स्वभाव ठरून गेलेली मांजरं असतात. मालक परदेशी गेले, घरात बाळ झालं, अशा कारणांनी आलेली. त्यांच्या फोटोखाली कुणी "हे मला द्या" लिहीत नाही. तिथे आधी चौकशी करा.