नणंदेचं लग्न डीव्हीडीवर लावताना

"हिला त्यातलं कळतं" असं आमच्या घरात कुणी म्हटलं की मी हळूच स्वयंपाकघरात सटकते. मला कळतं याला पुरावा एकच. सासूबाईंच्या मोबाइलचा गेलेला आवाज मी एकदा बाजूचं बटण दाबून परत आणला होता. एवढ्या भांडवलावर वायफाय, गॅसचं बुकिंग आणि आता लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी ही सगळी खाती माझ्याकडे आली आहेत.

निमित्त बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, सहस्रचंद्रदर्शनाचं. आल्यागेल्याला स्टीलचे डबे देऊन झाले होते, तेव्हा या खेपेला काहीतरी वेगळं द्यावं अशी टूम आत्याबाईंनी काढली. (आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण. राहतात रास्ता पेठेत आणि आमच्याकडे कोथरूडला यायचं झालं की प्रवासाला निघाल्यासारखी पाण्याची बाटली घेतात.) घरातलं सगळं जुनं शूटिंग एकत्र करायचं, त्याच्या डीव्हीडी काढायच्या आणि घरटी एक वाटायची. मी पेनड्राइव्ह सुचवून पाहिला. "बोटाच्या पेराएवढी वस्तू? लोक काय म्हणतील!" इथे विषय संपला. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता एकच अट घातली, "पॉज नीट झाला पाहिजे." बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना पॉज कशाला हवाय हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. व्हीसीआरवर कॅसेट पॉज केली की चित्रात पांढरे पट्टे येऊन माणसं थरथरायला लागतात आणि डीव्हीडीतली माणसं गुमान उभी राहतात, हे खरंच होतं.

माळ्यावरून ऐवज निघाला तो असा : ताईंचं, म्हणजे नणंदेचं, १९९४ सालचं लग्न. माझं १९९९ सालचं लग्न. शिवाय भाऊजींनी २००४ साली न्यू जर्सीहून येऊन केलेलं अष्टविनायकाचं शूटिंग, चिमुकल्या मिनीडीव्ही कॅसेटवर. ताईंची कॅसेट डांबराच्या गोळ्यांसकट शालूच्या घडीत ठेवलेली. माझी मोदकपात्राखाली. उघडून पाहिली तर रिळाच्या कडेला पांढरीशुभ्र बुरशी. अशी फीत तशीच व्हीसीआरमध्ये चालवली की बुरशी त्याच्या फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना तिचा प्रसाद मिळतो. त्यामुळे माझं लग्न सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे मला सोडून. "अगं, तुझं लग्न मी प्रत्यक्ष पाहिलंय," नवरा म्हणाला, "मला कॅसेट कशाला हवी?"

याच शहरात, लॉ कॉलेज रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था सिनेमाची रिळं ठरावीक तापमानाच्या कोठारांत जपते. आमच्या माळ्याचं तापमान वरच्या मजल्यावरचा गळका पाइप ठरवतो.

मी आधी रीतसर दुकानातच गेले होते. पेठेतल्या एका बोळात "कॅसेटवरून डीव्हीडी करून मिळेल" अशी ठसठशीत पाटी होती. पाटीखालचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही आता करत नाही."

"मग पाटी?"

"रंग चांगला आहे. कशाला काढायची?"

म्हणजे यंत्र शोधणं आलं. व्हीएचएस हा आमच्या लग्नांच्या कॅसेटींचा प्रकार जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणला, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, फुनाई, हिने २०१६ साली हात टेकले. ज्या डीव्हीडीत मला हे सगळं भरायचं होतं ती १९९६ साली जपानातच बाजारात आली आणि आता तीही आचके देते आहे. मेलेल्याला मरणोन्मुखाच्या हवाली करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. पुण्यात जुनी वस्तू हवी असली तर जुना बाजार, बुधवारी नाहीतर रविवारी. तिथे नळाच्या तोट्या, पान्यांचा ढीग आणि एक बिनकाट्याचं घड्याळ यांच्या मधोमध व्हीसीआर बसला होता.

"चालतो का?"

"चालतो काय ताई, पळतो!"

"लावून दाखवा."

त्याने आभाळाकडे बोट केलं. "हितं लाइट कुठंय?"

घरी आल्यावर व्हीसीआरने कॅसेट आत ओढून घेतली आणि काही केल्या परत देईना. "मुदत ठेव दिसते," बाबा म्हणाले.

मग तपकीर गल्ली. एलईडीच्या माळा आणि चार्जरांच्या त्या गर्दीत, एका जिन्याखाली, अजून व्हीसीआर उघडणारे एक काका सापडले. त्यांनी झाकण काढलं, आतला वाटीएवढा चकचकीत तिरपा ड्रम मला दाखवला आणि म्हणाले, "हे काळीज. याला बोट लावायचं नाही." मग मऊ चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून ड्रमला नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवला. चामडं वरखाली हललं तर केसाएवढं हेड मोडतं म्हणे. तुकडा काळाकुट्ट झाला. सैल पडलेला रबरी पट्टा त्यांनी बदलला, कॅसेट सोडवली, आणि पैसे घेताना म्हणाले, "परत बिघडला तर लवकर आणा. यंत्राचं नाही, माझं वय झालंय."

यापुढचं काम सोपं, असं यूट्यूबवरचा मुलगा सांगत होता. व्हीसीआरच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना एका डबीत खुपसायच्या, डबी लॅपटॉपला जोडायची आणि रेकॉर्ड दाबायचं. त्याने सांगितलं नाही ते हे, की तीन तासांची कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरायला तीनच तास लागतात. फाइल कॉपी करतो तसं भराभर काही होत नाही. लग्न ज्या वेगाने लागलं त्याच वेगाने परत लावावं लागतं, आणि मध्येच फीत अडकली तर म्हणून कुणीतरी समोर बसावं लागतं. कुणीतरी म्हणजे कोण, ते कळलंच असेल.

त्या काळच्या शूटिंगवाल्याने मिक्सिंगमध्ये काहीही बाकी ठेवलं नव्हतं. नवरी कमळातून उगवते. नवरा चंद्रावर बसतो आणि गरगर फिरत तिच्या कपाळावर येऊन थांबतो. एका प्रसंगातून दुसऱ्यात जायचं झालं की चित्र बदामाच्या आकारात मिटतं आणि बदामाच्याच आकारात उघडतं. पंगतीत तर त्याने कहर केला आहे. डोळे दिपवणारा हॅलोजन थेट पानावर मारून, एकेकाच्या तोंडात जिलबी जाईपर्यंत तो हटत नाही. आता हयात नसलेले दूरचे एक मामा कॅमेऱ्याला चुकवण्यासाठी आधी शेजाऱ्याच्या मागे, मग पाण्याच्या जगमागे आणि शेवटी चक्क पंगतीतून उठून खांबामागे जातात. शूटिंगवाला तिथेही पोहोचतो. मी रुखवताला कात्री लावायचं ठरवलं होतं. विणलेला ससा, लोकरीची बदकं, भाताच्या लोंब्यांचा गणपती, हे सगळं तो मिनिटामिनिटाने दाखवत होता. सासूबाई म्हणाल्या, "लग्न कापलंस तरी चालेल. रुखवताला हात लावायचा नाही."

खरी गंमत मंगलाष्टकांत झाली. फीत जुनी असली की मध्ये मध्ये सिग्नल तुटतो. तेवढी चित्रं ती डबी गाळून टाकते, आवाज मात्र गाळत नाही. असं थोडं थोडं साठत जाऊन चित्र आवाजाच्या पुढे पळायला लागतं. आमच्या ताईंच्या लग्नात अंतरपाट आधी निघाला, हार घालून झाले, वाजंत्रीवाल्यांनी गाल फुगवले, आणि मग भटजींचा आवाज आला, "शुभमंगल सावधान!" सावध व्हायला उरलंच नव्हतं कुणी. समर्थांच्या लग्नात आवाज एवढा मागे पडला असता तर महाराष्ट्र एका संताला मुकला असता. मग मी सगळ्या लग्नाचे बारीक तुकडे केले आणि एकेका तुकड्याचा आवाज ओढून त्याच्या जागी नेऊन बसवला. बोहल्यावर मी एवढे कष्ट स्वतःच्या लग्नात घेतले नव्हते.

भाऊजींच्या कॅसेटीचं थोडक्यात सांगते, नाहीतर तो वेगळाच लेख होईल. तिला फायरवायरची वायर लागते आणि ते भोक आताच्या लॅपटॉपला नसतं. शेजारच्यांचा अडगळीतला डेस्कटॉप कामी आला. एका तासाच्या कॅसेटीची फाइल १३ जीबी झाली. शिवाय कॅमेरा अमेरिकेतला, म्हणजे चित्राची पद्धत तिकडची, एनटीएससी. त्यात सेकंदाला जवळजवळ तीस चित्रं आणि ४८० ओळी, तर आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत पंचवीस चित्रं आणि ५७६ ओळी. दोन्ही एका डीव्हीडीत नांदत नाहीत. त्यामुळे मोरगावापासून रांजणगावापर्यंतच्या सगळ्या गणपतींना मी भारतीय करून घेतलं.

सगळं कोंबायला बसले तर जागा पुरेना. डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी छापलेलं, लॅपटॉप म्हणतो ४.३७. कंपनी हजाराने मोजते आणि लॅपटॉप १,०२४ ने, म्हणून आकडा वेगळा दिसतो, जागा तेवढीच असते. हे मी बाबांना सांगितलं तिथेच फसले. बाबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे फरक पॉइंट तेहतीसचा."

"फरक नाही बाबा, मोजण्याची पद्धत..."

"आमच्याकडे पन्नास पैशांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नसे."

मेनू करायला बसले तेव्हा सगळे माझ्या खुर्चीमागे जमले. लग्नात राहून गेलेला मानपान त्या दिवशी पुरा झाला. पहिल्या पडद्यावर फोटो कुणाचा? ताईंच्या सासूबाईंचा नको, का ते विचारायचं नाही. आत्याबाईंना पैठणी दिसेल असा हवा. "मुलीची सख्खी आत्या मी, आणि मी दुसऱ्या पानावर?" त्या पहिल्या पानावर आल्या. बाबांनी फक्त आहेराच्या भागात दर मिनिटाला एक चॅप्टर टाकून मागितला. तोही टाकला. शेवटी व्हिडिओ_टीएस आणि ऑडिओ_टीएस अशी दोन फोल्डर तयार झाली. दुसरं रिकामं बघून आत्याबाई हळहळल्या, "आवाज राहिला गं तुझा." ते फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्याच प्रकारासाठी असतं आणि आपल्याकडे रिकामंच राहतं, हे त्यांना आजही पटलेलं नाही.

कोऱ्या डीव्हीडी एका स्टेशनरीच्या दुकानात, ग्रीटिंग कार्डांच्या मागे मिळाल्या. बाबांचा प्लेअर जुना, त्याला डीव्हीडी प्लस आर चालत नाही, मायनस आरच लागते. त्या मायनस निघाल्या, नशीब. लॅपटॉपला ड्राइव्हच नसल्याने बाहेरून जोडायचा रायटर आणला आणि मुद्दाम हळू वेगाने एकेक डिस्क भाजून काढली. वर कागदी लेबल चिकटवलं तर फिरताना तोल जातो, म्हणून मार्करने नावं घातली.

समारंभाच्या सकाळी सगळ्या डिस्क देवापुढे ठेवल्या होत्या. मी आंघोळ करून आले तर आत्याबाईंनी प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट लावून ठेवलेलं. तेही चकचकीत बाजूला.

"आत्याबाई, या बाजूने ती वाचतात!"

"अगं, वरच्या बाजूला लावलं असतं तर तुझं अक्षर पुसलं असतं ना."

त्या विचारपूर्वक वागल्या होत्या, हे मान्य करावं लागलं. ओल्या मलमलीने मधून कडेकडे असं पुसत मी अर्धा समारंभ आतल्या खोलीत काढला. औक्षणाच्या फोटोत मी नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर बाबांनी स्वतः डीव्हीडी लावली. कमळ, चंद्र, रुखवत, सगळं ओलांडून ते थेट आहेरावर गेले आणि पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. १९९४ ची आहेराची वही. त्यात एका नावापुढे प्रश्नचिन्ह होतं.

"दिलं होतं मी पाकीट," आत्याबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "पाचशे एक. तेव्हापासून सांगतेय."

"बघू या," बाबा म्हणाले.

पडद्यावर पैठणीतल्या आत्याबाई आल्या. ताईंना कुंकू लावलं. पर्स उघडली. पाकीट निघालं, हात पुढे गेला, बाबांनी रिमोट उचलला, आणि चित्र बदामाच्या आकारात मिटायला लागलं. उघडलं तेव्हा पंगत बसली होती. बाबांनी मागे घेतलं, पॉज केलं. पॉज उत्तम आला. बदामात अर्धं पाकीट स्पष्ट दिसत होतं.

"बघ, दिलं की नाही!"

"काढलेलं दिसतंय," बाबा म्हणाले. "दिलेलं दिसत नाही." आणि त्यांनी प्रश्नचिन्ह खोडून पेन्सिलीने त्या रकान्यात लिहिलं, "येणे बाकी. पुरावा बदामात."