आधी टेप घ्या, मग ब्रँड बघा

टीव्ही कसा निवडावा यावरच्या लेखातलं ‘हॉल मोठा तर टीव्ही मोठा’ हे सूत्र मला पटलं नाही. मोजायचं असतं ते सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर. फोरके (४के, म्हणजे एचडीपेक्षाही बारीक चित्राच्या) टीव्हीसाठी ते इंचात घ्या आणि दीडने भागा. सात फूट म्हणजे ८४ इंच, म्हणजे ५५ इंची छान बसतो. ५५ हा आकडा तिरका, म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा असतो. प्रत्यक्ष रुंदी साधारण चार फूट. तेवढा वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर चिकटवून दोन दिवस राहू द्या, लगेच कळतं. घरात केबलवरच्या साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्याच जास्त चालत असतील तर एक साइझ खालचा घ्या, नाहीतर चेहरे फाटलेले दिसतात.

पॅनलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, लेखात फारच कमी आहे. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत बाल्कांवाचं (घरापुढच्या ओसरीचं) दार दिवसभर उघडं, सगळा उजेड थेट पडद्यावर. अशा ठिकाणी जास्त ब्राइटनेसचा क्यूएलईडीच (मागून दिव्यांचा उजेड देणारा पडदा) बरा. ओएलईडीचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) काळा रंग अप्रतिम, पण तो अंधाऱ्या खोलीत खुलतो. शिवाय दिवसभर बातम्या लावून ठेवल्या तर वाहिनीचा लोगो पडद्यावर कायमचा उमटू शकतो. चतुर्थीला घर भरतं, माणसं बाजूला बसून बघतात. म्हणून दुकानात कडेला उभं राहून रंग फिके पडतात का ते नक्की पाहा.

आणि कृपा करून, विजा कडाडू लागण्याआधीच प्लगसोबत केबलची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.