ग्रीनला पाडलेली भोकं ही नासाडी नव्हे

गोल्फच्या मैदानांबद्दलचा एक मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे, चांगल्या ग्रीनला (बॉल ज्या खळग्यात टाकायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) मशीनने भोकं पाडून वर वाळू टाकायची, हा बिलं काढण्याचा उद्योग. गवत विदेशी, रोज भरपूर पाणी दिलं नाही तर मरणारं. आणि थंडीत ते पिवळं पडतं, तो माळ्यांचा हलगर्जीपणा.

आधी भोकांचं बघू. ग्रीनवरचं गवत ३-४ मिलिमीटरवर कापलेलं असतं. रोज मशीन फिरतं, माणसं चालतात, माती दाबली जाते. मेलेल्या काड्या-मुळांचा थर साचतो, पाणी त्यातच अडकतं आणि मुळांना हवा मिळत नाही. पोकळ दात्यांचं मशीन बोटाच्या जाडीची मातीची कांडी उपसून काढतं. ती हातात घेऊन मोडून बघा. वर तपकिरी, दाबला की स्पंजसारखा दबणारा थर दिसेल. त्याखाली काळी, कुबट वासाची रेघ असेल, तर तिथे हवा पोचत नाही हे समजावं. पांढरी मुळं किती खोल गेलीत तेही तिथेच कळतं. भोकात वाळू भरतात ती निचऱ्यासाठी. वाढीच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत ग्रीन भरून येतं. तोवर बॉल उडत जातो, खेळणारे वैतागतात, हे मान्य. पण पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. उन्हाळ्यात हे काम टाळलं की पावसात त्याच ग्रीनवर शेवाळ धरतं.

‘विदेशी’चं म्हणाल तर या मैदानांवरचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर बहुतेक तिचे संकरित वाण असतात; ज्या दुसऱ्या गवताशी तिचा संकर केला, ते आफ्रिकेतलं. ही उष्ण हवेतली जात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरला की वाढ मंदावते, रंग उतरतो. त्यात माळ्यांचा काय दोष?

पाणी रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच राहतात. संध्याकाळी दिलं तर पातं रात्रभर ओलं राहून बुरशी लागते. फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या हिरवळीच्या लांब पट्ट्याला, पहाटे, खोलवर आणि मधे दिवस सोडून द्यावं. मे महिन्यातल्या दुपारी ग्रीनवर हलका शिडकावा लागतो, तो वेगळा.

खडकवासल्याचं पाणी शहरालाच पुरवून वापरावं लागतं. तेव्हा मैदानाला बोअरचं पाणी मिळतं की प्रक्रिया केलेलं सांडपाणी, हे जरूर विचारा. तो प्रश्न या मेसेजमध्ये कुठेच नाही. सांडपाणी वापरत असतील तर क्षार साठतात, म्हणून माती आणि पाणी दोन्ही नियमित तपासतात का, हेही विचारा.