खरा घाव रोलरचा
थेम्सकाठच्या मेपलडरहॅमच्या पाणचक्कीवरचा लेख आवडला, पण इंग्लंडातल्या अशा गिरण्या रेल्वेमुळे बंद पडल्या हे त्यातलं म्हणणं अर्धसत्य. खरा घाव घातला तो दगडांऐवजी धान्य दळणाऱ्या पोलादी रोलरनी. १९व्या शतकाच्या अखेरीस परदेशातला कडक गहू बंदरावरच दळून पांढराशुभ्र मैदा निघू लागला, मग गावच्या चक्कीला कोण विचारतो? ही टिकली, नशीबच म्हणायचं. गावातल्या गिरणीची नोंद तर १०८६ च्या डूम्सडे बुकातही, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीतही आहे!

दगडांबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. खालचा स्थिर, वरचा फिरता. खाचा बोथट झाल्या की पीठ तापतं. मग वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि टाकी लावायची, जात्याला लावतात तशीच. बाकी तिथे आता स्क्रू टर्बाइनवर (पाण्याने फिरणाऱ्या मोठ्या मळसूत्रावर) वीजही काढतात, हे भारी आहे.