गोळी आपली आपण सुटते

परवाना मिळाला, पिस्तूल घरी आले, याबद्दल आपले अभिनंदन. स्वसंरक्षणाचे कारण आपण अर्जात लिहिलेच आहे. आता हा नवा दागिना वागवावा कसा, एवढेच सांगायचे उरते.

सोनसाखळी जशी शर्टावर दिसावी लागते, तसे पिस्तूलही कमरेला लोकांना दिसेल असे खोचावे. फोटो काढताना बोट चापावरच ठेवावे. नेमबाजीच्या सरावात बोट चापाबाहेर, नळीच्या रेषेत सरळ ठेवायला शिकवतात. पण त्या बिचाऱ्यांना फक्त नेम साधायचा असतो.

हत्यार रिकामे आहे याची खात्री देण्यासाठी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून नळी मित्राच्या छातीकडे रोखावी आणि हसावे. मॅगझिन निघाले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढलेले काडतूस तिथेच बसून असते, आणि कोणी घाईत आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून मग मॅगझिन काढले, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी दुसरे हजर झालेले असते; म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी आणि बोटाने तपासणी, असा क्रम जाणकार सांगतात. एवढा संशय आपण कधी भाऊबंदांवरही घेतला नसेल, मग घरच्या पिस्तुलावर का घ्यावा?

खंडेनवमीला पूजा भरल्या पिस्तुलाचीच करावी आणि झेंडूचे फूल थेट नळीत खोवावे. नळीत अडथळा राहिला तर गोळी झाडताना दाब वाढून नळीच फुटू शकते, ही शंका भाविकाला शोभत नाही.

वरातीत मात्र हात आखडू नये. वर गेलेली गोळी आकाशातच राहते, अशी आपली श्रद्धा आहे. 1920 च्या सुमारास अमेरिकी सैन्याने केलेल्या चाचण्यांत सरळ वर झाडलेली रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 300 फूट वेगाने खाली आल्याचे आढळले होते, आणि तिरकी झाडलेली गोळी तर याहूनही अधिक वेग राखते. पण ते पडले अमेरिकेचे आकाश. आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. ही रक्कम डीजेच्या बिलाखाली आधीच मांडून ठेवावी. कैदेचे तेवढे कोणत्या रकान्यात लिहावे, हे आचाऱ्यालाही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर सोने लॉकरात आणि भरलेले पिस्तूल उशीखाली ठेवावे. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवण्याची तसदी घेऊ नये, कारण मुलांना ती जागा माहीत नसते. फराळाचा डबा कुठे लपवला आहे हेही त्यांना माहीत नसते, असे आपल्या सौभाग्यवती दर दिवाळीला म्हणतात.

एवढे करूनही काही घडलेच, तर जबाबाचे वाक्य पाठ असू द्यावे: ‘पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटली.’ या वाक्यात पिस्तूल आहे, गोळी आहे, चूकही आहे. फक्त चाप ओढणारा माणूस कुठेच नाही. रात्री दीड वाजता, जेवणावळीच्या टेबलावर, भरलेले पिस्तूल साफ करायला आपण का बसला होतात, असे फौजदार विचारतील. त्याचे उत्तर मात्र आतापासूनच शोधायला घ्यावे.