तो दर वेळी पाणी प्यायलाच का जायचा

मागच्या आठवड्यात एका ट्रेनिंगला बसले होते, विषय भाषेच्या तासात मुलांचा सहभाग वगैरे, आणि साहेबांनी स्क्रीनवर वेगवेगळ्या शाळांचे फोटो दाखवले. पोरं गोल करून बसलेली, कागदी मुखवटे, बाहुल्या, हातात चिठ्ठ्या, सगळी हसतायत. फोटो छानच होते, खोटं कशाला बोलू. पण मी प्रत्येक फोटोत एकच गोष्ट शोधत होते, कडेला बसून नुसत्या टाळ्या वाजवणारं पोरगं कुठंय. एकूण एक फोटोत सापडलं.

मी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, नोकरीला १९ वर्षं झाली. गाणी, खेळ, नाटुकली हे सगळं मी 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम यायच्या आधीपासून घेते आणि मला त्याचा जरा माजच होता. माझ्या वर्गात पोरं रडत नाहीत, माझ्या तासाला हजेरी चांगली असते, असं मी चारचौघात सांगायचे. तो माज एका पोराने उतरवला, त्याबद्दल लिहितेय, बरेच दिवस लिहायचं राहून गेलं होतं.

नाव नाही सांगत, दादू म्हणू. चौथीला होता. बाप केळी कटाईच्या टोळीवर, आई कधी कापूस वेचायला कधी मिरची तोडायला. आमच्या वर्गात एक चिठ्ठ्यांचा खेळ होता, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या, एकाने उचलायची, मनात वाचायची आणि न बोलता करून दाखवायचं, बाकीच्यांनी वाक्य ओळखायचं. आजी सुईत दोरा ओवतेय. माकड केळं सोलतंय. पोरं जीव टाकायची त्या खेळावर. आणि डबा बाहेर काढला की दादू उठायचा, मॅडम पाणी पिऊन येऊ? जा बाबा. कधी पाणी, कधी एक नंबर. दोन महिने चाललं हे आणि मला काय वाटायचं सांगू, की ह्याला कंटाळा येतो, नाटकी आहे.

मग एक दिवस टाकीत पाणीच नव्हतं. लाईट नाही, मोटर बंद. डबा फिरत त्याच्यापर्यंत आला. त्याने चिठ्ठी उघडली, बघितली, खूप वेळ बघितली, आणि खाली लोळून सरपटायला लागला. पोरं ओरडली साप साप! चिठ्ठीवर होतं, साधू ध्यान करतोय. त्याला पहिला 'सा' लागला, पुढचं त्याने अंदाजाने भरलं. पोरांनी चिठ्ठी हिसकून मोठ्याने वाचली आणि वर्ग असा फुटला हसून, आणि मी पण हसले हो. सगळ्यात मोठ्याने तो स्वतः हसला. नंतर तीन दिवस शाळेत आला नाही.

त्या तीन दिवसांत मला जे कळलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या वर्गात, जिथं मास्तर वाचतात आणि पोरं मागून म्हणतात, तिथं अशा मुलाला लपायला जागा असते. चाळीस आवाजात त्याचा आवाज मिसळून जातो. माझ्या हसत्याखेळत्या वर्गात ती जागा मी काढून घेतली होती, एकेकाला मधे उभं करून. खेळ होता पण खेळाचं तिकीट वाचन होतं. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी मज्जा, ज्याला नाही त्याच्यासाठी रोजची चव्हाट्यावरची परीक्षा, तीही हसत हसत द्यायची.

त्याच्या घरी गेले मी. आई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. म्हणाली, "मॅडम, पोऱ्या हुशार शे, पन पुस्तक हातमा लिधं का त्यानं पोट दुखस." मग त्यालाच हाक मारली तर आतून नुसतं, "माले वाचता येत नही."

आणि हुशार होताच तो. पुढं बाजाराचा पाठ आला तेव्हा मी म्हटलं कोण कोण बाजार समितीत गेलंय. हा उठला आणि त्याने भाजीची हर्रास करून दाखवली, आडत्या कसा ढिगावर पाय ठेवून उभा राहतो, बोली कशी एकेक रुपयाने चढवतो, शेतकऱ्याकडे न बघता कसा तीन वेळा आकडा म्हणून माल सोडून देतो, वांग्याचा भाव वेगळा, गिलक्याचा वेगळा, कुणी कितीला उचललं, सगळं तोंडपाठ, कागद नाही काही नाही. वीस मिनिटं. वर्गातली वाचणारी हुशार पोरं आ करून बघत होती. आता ही भाषा नाही तर काय आहे? पण आमच्या तपासणीच्या तक्त्यात ह्याला रकानाच नाही, तिथं मिनिटाला किती शब्द वाचले एवढंच.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल एक छोटा लेख लिहिला होता, मुलगा हुशार, खेळात तरबेज, पण वाचन काही केल्या येत नाही. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे हुशार असूनही वाचता न येण्याच्या अडचणीच्या इतिहासात तो लेख नेहमी सांगतात. त्यात त्या मुलाच्या मास्तरांचं मत दिलंय, की सगळं शिकवणं तोंडीच असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा तिकडचा मास्तर आणि आमच्या ऑफिसात चहा पिताना आम्ही बोलतो ते, जसंच्या तसं.

पण इथंच माझी दुसरी चूक झाली आणि ती पहिलीपेक्षा मोठी. हर्रास बघून मी इतकी खूश झाले की दादूला सगळी तोंडी कामं देऊन टाकली. नाटकात दादू, गोष्ट सांगायला दादू, सव्वीस जानेवारीला दादू. वाचायची वेळ आली की मीच म्हणायचे, असू दे, तो ॲक्टिंग छान करतो. सगळ्यांना वाटायचं मॅडम किती समजून घेतात. सहा महिने गेले आणि त्याचं वाचन होतं तिथंच. मायेने केलेलं दुर्लक्ष आहे हे, फक्त दिसत नाही. जो पोरगा हर्रास तोंडपाठ सांगतो त्याला उद्या त्याच बाजारात काटापट्टीवरचं, म्हणजे वजनाच्या पावतीवरचं नाव आणि आकडा वाचता नाही आला तर माझ्या टाळ्या त्याच्या काय कामाच्या?

म्हणून मला दोन्हीकडच्या लोकांचा राग येतो. एक म्हणतात आधी बाराखडी पक्की करा मग गाणी नाटकं. दुसरे म्हणतात मूल आनंदात असलं की वाचायला आपोआप शिकतं. नाही शिकत! बाकीची शिकतात कदाचित, हे मूल नाही शिकत. ह्याला अक्षर आणि आवाज यांची गाठ एकेक करून, हळू, पुन्हा पुन्हा बांधून द्यावी लागते, डोळ्याने, कानाने, हाताने. अमेरिकेत ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या बाई १९३० च्या सुमाराला हेच सांगत होते. फक्त ते काम कोपऱ्यात एकट्याला बसवून करायचं की सगळ्या वर्गाचा खेळ करून, हे आपल्या हातात आहे.

आणि आपली देवनागरी सोपी आहे असं जे आपण म्हणतो ना, बोलतो तसं लिहितो म्हणून, ते एकदा ह्या मुलाच्या बाजूने बघा. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. एका रेघेचा फरक. ख म्हणजे र आणि व शेजारी. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. सूर्य मधला र् म्हणायचा य च्या आधी आणि बसवायचा य च्या डोक्यावर. आपल्याला सवय झालीय म्हणून जाणवत नाही, नाहीतर हा काय कमी गोंधळ आहे का.

तर आम्ही वेलांटीचा खेळ केला. जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठी अक्षरं लिहिली, एकेक पोराच्या गळ्यात एकेक. शब्द 'दिवा'. द उभा राहिला, व उभा राहिला, काना घेतलेला सगळ्यात शेवटी. वेलांटीवाली एक मुलगी, तिने कुठं उभं राहायचं? पोरं म्हणाली द च्या आधी. मग म्हणायची वेळ आली तेव्हा तिनेच आधी तोंड उघडलं, इद्‌वा! सगळी हसली, पण ह्यावेळी हसणं कुणा एकावर नव्हतं, सगळेच चुकत होते. मी पण चुकले, कारण वर्गाकडे तोंड करून उभं राहिलं की पोरांचं डावं उजवं उलटं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही, पहिल्या वेळी अख्खा शब्द उलटा उभा केला मी, 'दिवा' चं काय झालं विचारू नका. दादू मागे भिंतीला टेकून बघत होता. मग पुढं आला, वेलांटीवालीचा दंड धरून तिला तिच्या जागेवर उभं केलं आणि म्हणाला, तू पाहुणीसारखी आधी येऊन बस, पण बोलायचं द बोलल्यावर.

आजही माझ्या वर्गात पहिल्या वेलांटीला पाहुणी म्हणतात. रफाराला त्यांनी 'डोक्यावरचा' नाव ठेवलं, र् वाल्या पोराने पुढच्याच्या डोक्यावर पट्टी धरून उभं राहायचं. रोज दहा मिनिटं, अक्षरांची एकच जोडी, त्याच्या पुढं नाही जायचं. सोबत परातीत रवा पसरून बोटाने गिरवणं, त्याला मुंग्या लागल्या, मग एकाच्या मामाने तापीतली वाळू आणून दिली.

चिठ्ठ्यांचा खेळ बंद नाही केला. आता जोडीने उचलायची, एकाने कानात वाचायचं, दोघांनी करायचं, पुढच्या वेळी अदलाबदल. डब्यात अर्ध्या चिठ्ठ्या चित्राच्या. आणि दादूची वाचायची पाळी असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, ह्या दोन ओळी तुझ्या, घरी बघून ये. अचानक कुणालाच उठवून वाचायला लावत नाही आता. एवढ्यानेच त्याचं पाणी प्यायला जाणं बंद झालं, वर्षाच्या शेवटी तो चार ओळींचा परिच्छेद बोट ठेवून, थांबत थांबत, पण अंदाज न मारता वाचायला लागला. चारच ओळी. मी ह्याला चमत्कार म्हणणार नाही, बाकीची पोरं तोवर अख्खी गोष्ट वाचत होती.

एक गोष्ट मात्र खान्देशातल्या मास्तर मंडळींना सांगायची आहे. इकडं अहिराणी बोलणारं पोरगं केळी ला 'केयी' लिहितं, डोळा ला 'डोया' लिहितं, आणि आपण लाल पेन फिरवून मोकळे. अहो तो ऐकतो तसंच लिहितोय, आपण स्वतः घरी जळगावला जयगावच म्हणतो ना! त्याचे कान आणि अक्षरं एकदम जागेवर आहेत, त्याला फक्त पुस्तकी रूप सांगायचंय. पावरी, भिल्ली बोलणाऱ्या सातपुड्यातल्या पोरांचं तर विचारूच नका. ह्याला अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, म्हणत नाहीत. माझा अनुभव असा, की दादूसारखं मूल एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेने लिहितं, पहिल्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत त्याला अनोळखी होतो. वेगळ्या बोलीच्या मुलावर शिक्का मारायचा आणि खऱ्या गरजेच्या मुलाला आळशी म्हणायचं, दोन्ही पापं आपल्याकडं चालतात.

कागदाचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही अध्ययन अक्षमता आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांमध्ये होतं, की तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेतल्या शिक्षकानेच पहिली चाळणी करायची, प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर. दादूच्या बापाला हे सांगितलं तर तो आधी चिडला, माझं पोरगं येडं नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मग समजावलं की पुढं परीक्षेत जादा वेळ मिळतो, लागला तर लेखनिक मिळतो, तेव्हा तयार झाला. तीन चकरा झाल्या, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा कागद कमी, प्रत्येक चकरेला दिवसाची मजुरी बुडाली. चौथ्यांदा काही तो गेला नाही आणि मी पण जोर नाही केला, ह्याची टोचणी आहे मला.

एक सहकारी म्हणतात मॅडम तुमच्याकडे ३१ पोरं होती म्हणून जमलं, आमच्याकडं दोन वर्ग एकत्र आणि वर ऑनलाइन माहिती भरायची, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम करायचं, तिथं कुठं पाहुणी आणि कुठं वाळू. खरंय. त्यांच्याशी मी भांडत नाही. फक्त अचानक उठवून वाचायला न लावणं ह्याला काही साहित्य लागत नाही आणि वेळही लागत नाही, एवढंच त्यांना म्हटलं.

दादू आता दुसऱ्या शाळेत सहावीला आहे. गेल्या महिन्यात बाजारात त्याची आई भेटली, म्हणाली त्याचं पोट परत दुखायला लागलंय. त्याच्या वर्गशिक्षकांना फोन केला, सर, ओळख नाही आपली, पण त्याला वाचायला उठवायचं असेल तर फक्त एक दिवस आधी सांगत जा. बरं बघू म्हणाले. आवाज चांगला वाटला त्यांचा, सोमवारी परत करते फोन.

आणि वेलांटीचा खेळ कुणी करणार असाल तर अक्षरं गळ्यात घालून पोरं उभी करायच्या आधी तुम्ही स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसा आणि डावं उजवं बघून घ्या.