‘टेम्प्लेट साफ करायची गरजच काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट दोनदा नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की व्हीस्फिअरच्या (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) वेब कन्सोलमध्ये टेम्प्लेटवर (ज्याच्या नकला काढायच्या ते तयार मशीन) राइट क्लिक केलं की पाच मिनिटांत व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभं राहतं, मग मी टेम्प्लेट साफ करण्यावर (म्हणजे मूळ मशीनची स्वतःची ओळख त्यातून पुसण्यावर) अर्धी पोस्ट घालवून नवीन पोरांना घाबरवतोय कशाला. शिवाय टेराफॉर्मच्या (कोड लिहून मशीन उभी करायचं साधन) जमान्यात क्लिक कोण करतं, आणि ‘डिस्क थिनच ठेवा’ (म्हणजे सगळी जागा आधी न अडवता लिहू तेवढीच घ्या) हा माझा सल्ला चुकीचा आहे.

थिनचं आधी सांगतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. 40 जीबीची डिस्क, आत वापर 6 जीबी, अशा टेम्प्लेटवरून दहा व्हीएम काढले तर सुरुवातीला जागा जाते साधारण 60 जीबी पण शब्द दिलेला असतो 400 चा, आणि डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) भरला की ज्या व्हीएमला लिहायला जागा हवी ते जागच्या जागी थांबतं. हे मी लिहायला हवं होतं, तो परिच्छेद आज बदललाय.

पण साफसफाईचं मी मागे घेणार नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात आमच्या टीमने उबंटू लिनक्स 18.04 चं टेम्प्लेट बनवलं, त्यावरून चार व्हीएम काढले, विझार्डमध्ये ‘कस्टमाइझ द ऑपरेटिंग सिस्टिम’ची टिक कोणी केलीच नाही कारण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) देणार होतं. चौघांचे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचे नंबर) वेगळे आणि दोघांना आयपी मात्र एकच! दुपारपासून सगळे नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो, स्विच बघितला, व्हीलॅन बघितला, आणि शेवटची लोकल निघून गेल्यावर कळलं की उबंटू डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक नाही, मशीन-आयडीवरून (लिनक्स प्रत्येक मशीनला देतं ती ओळख) बनवलेला नंबर सांगतं, आणि ती 32 अक्षरांची मशीन-आयडी टेम्प्लेटमधून चौघांकडे जशीच्या तशी गेली होती. याहून वाईट म्हणजे एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायची सोय) होस्ट की, म्हणजे मशीन ओळखायच्या चाव्यासुद्धा, सारख्याच, त्यामुळे त्याच आयपीवर दुसरंच मशीन उत्तर देत असताना एसएसएचने एकदाही ‘की बदललीय’ असं बजावलं नाही आणि आमच्या एका पोराने चुकीच्या मशीनवर कॉन्फिग टाकलं. एका चुकीने दुसरी झाकली. त्या पोराला बोलणी बसली, त्याची काही चूक नसताना, आणि म्हणूनच मी हे इतकं लांबण लावून लिहितो.

करायचं फार नाही हो. अपडेट मारा, होस्ट की काढा (पण पहिल्या बूटला नव्या बनतील याची सोय ठेवा, क्लाउड-इनिट, म्हणजे पहिल्या बूटला मशीन सेट करणारा प्रोग्राम, असेल तर ते करतं, नाहीतर एसएसएच चालूच होणार नाही), मशीन-आयडीची फाइल रिकामी करा आणि लगेच शटडाउन. मध्ये एकदा जरी रीबूट केलं तरी नवीन आयडी तयार होते आणि केलेलं सगळं पाण्यात. मग टेम्प्लेटमध्ये कन्व्हर्ट करा. टेम्प्लेट पॉवर ऑन होत नाही, त्यामुळे पुढे पॅच टाकायचा तर परत व्हीएम करा, पॅच टाका, साफ करा, परत टेम्प्लेट. विंडोजला कस्टमायझेशन स्पेक लावला की सिसप्रेप (विंडोजचं हेच साफसफाईचं साधन) चालतं आणि नवीन एसआयडी (विंडोज मशीनची ओळख) मिळतो, तिथे तुमचं काम सोपं आहे हे मान्य.

टेराफॉर्म मीही वापरतो. पण तेसुद्धा शेवटी तेच टेम्प्लेट क्लोन करतं ना, मग टेम्प्लेट घाण असेल तर चारच्या जागी चाळीस घाण व्हीएम निघतील, तेही झटपट. आणि नवीन पोराने एकदा तरी कन्सोलमधून हाताने फोल्डर, होस्ट, डेटास्टोअर निवडत जावं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर कोडमध्ये त्याच गोष्टींची नावं दिसतात तेव्हा त्या काय आहेत हेच त्याला कळत नाही.

तुमच्याकडे लिनक्सचे दोन क्लोन असतीलच. दोन्हीकडची मशीन-आयडी उघडून शेजारी ठेवून बघा आणि काय दिसलं ते इथेच खाली लिहा.